हौसेचं काम



हा अंक ‘फुरसत’ या विषयावर काढायचा असं ठरलं तेव्हा संपादकीय कशावर लिहायचं ते माझ्या मनात नव्हतं. मधल्या काळात मी तीन महिने मुलीकडे, अमेरिकेत अटलांटाला राहून आले. घरात एका सहलीची तयारी चालू होती. मोटारीला ट्रेलर जोडून फ्लोरिडाला जायचं, डिस्ने वर्ल्डच्या आवारातल्या कॅम्पिंगच्या तळावर सात रात्री मुक्काम करायचा आणि मुलांना थीम पार्क दाखवायचं. सहल एका आठवड्याची, पण तिची तयारी वर्षभर आधी सुरू झालेली. त्या तयारीवरच लिहावं असं मला वाटलं.

संपादक मंडळाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा दोघीतिघींच्या कपाळाला आठ्या पडल्या. एक कार्यकर्ती स्पष्टच म्हणाली, “ताई, आमच्याकडच्या बाईला माहेरी दोन दिवस जायला मिळत नाही आणि आपण अमेरिकेतल्या सुखवस्तू घराच्या सहलीवर पानं खर्च करायची?” आक्षेप रास्त आहे. माझ्या परीने त्याचं उत्तर याच लेखात आहे. पण ट्रेलरची सहल म्हणजे काय हे आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेलं नसणार, म्हणून आधी ते सांगते.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. तिला स्वतःचं इंजिन नसतं. आत दोन-तीन बर्नरचा गॅस, फ्रिज, मोरीएवढी न्हाणी, संडास, एक पलंग, मुलांसाठी एकावर एक फळ्या, आणि एक जेवायचं टेबल. रात्री हे टेबल खाली उतरवून त्यावर गाद्या टाकल्या की त्याचा बिछाना होतो. खोलीच्या पोटाखाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी भांड्यांच्या आणि अंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. मुलीने आणि जावयाने असा एक ट्रेलर जुना, वापरलेला विकत घेतला होता.

जायचं ठिकाण फोर्ट वाइल्डरनेस. डिस्ने वर्ल्ड १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हा तळ. सातशेहून अधिक एकरांच्या जंगलात आखलेल्या गोल गल्ल्या आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे करायच्या जागा. प्रत्येक जागेला विजेची जोडणी, पाण्याचा नळ, एक बाकांचं टेबल आणि कोळशाची शेगडी असते. बहुतेक जागांना सांडपाण्याचीही जोडणी असते. थोड्या थोड्या अंतरावर सार्वजनिक न्हाणीघरं आणि कपडे धुण्याची यंत्रं आहेत. तळ्यातून बोटीत बसलं की थेट मॅजिक किंगडमच्या दाराशी उतरता येतं. एका जागेवर दहा माणसांपर्यंत राहता येतं. आम्ही सहा जण होणार होतो. मुलगी, जावई, बारा वर्षांची नात, सात वर्षांचा नातू, विहीणबाई आणि मी. (माझं परतीचं तिकीट आधीचं निघालं, त्यामुळे मी प्रत्यक्ष सहलीला गेले नाही. तयारी मात्र पुरती पाहिली.)

आता तयारी. जागेचं आरक्षण शाळेच्या सुट्टीत हवं, म्हणून ते वर्षभर आधी. जागांचे प्रकार अनेक. काही फक्त तंबूसाठी, काही मोठ्या ट्रेलरसाठी, काही बोटीच्या धक्क्याजवळच्या आणि म्हणून महाग. आपल्या ट्रेलरची लांबी किती, त्याला ३० अँपिअरची वीज लागते की ५० ची, हे कळल्याशिवाय जागा निवडता येत नाही. मग पार्कची तिकिटं. तारखेप्रमाणे त्यांचे भाव बदलतात. मग जेवणाची आरक्षणं. ती ६० दिवस आधी सकाळी ६ च्या सुमाराला उघडतात आणि हवी ती जागा बघता बघता संपते. मग रांग टाळायचे, जादा पैसे भरून घ्यायचे पास. डिस्नेच्याच आवारात मुक्काम असेल तर ते ७ दिवस आधी सकाळी ७ वाजता मिळू लागतात. या दोन्ही पहाटे घरात जागं कोण राहणार होतं ते सांगायला नको.

एवढ्यावर संपत नाही. काही पाळण्यांना उंचीची अट आहे. ‘स्पेस माउंटन’ला ४४ इंच लागतात आणि नातू ४३ भरला. त्याला दारातून परत पाठवलं तर तो रडणार, म्हणून त्याची समजूत आधीच, हळूहळू, महिनाभर घालायची. विहीणबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना दिवसभर चालवणार नाही, तेव्हा चाकांची खुर्ची कुठे मिळते ते बघून ठेवायचं. त्यांची चतुर्थी त्या आठवड्यात येते, म्हणजे साबुदाणा. नातीला नुकती पाळी सुरू झाली होती. तिची तारीख धरून पॅड, जादा चादर आणि ट्रेलरच्या संडासात पॅड टाकायचं नाही हे तिला एकटीला बाजूला घेऊन सांगणं. कुत्र्याला बरोबर न्यायचं की शेजारी ठेवायचं. गोळ्या. विम्याची कार्डं. मुलांच्या शाळेच्या दोन दिवसांच्या रजेचा अर्ज.

मुलीने हे सगळं एका वहीत लिहिलं होतं. मी एका दुपारी सहज मोजलं. ७४ कामं होती. त्यातल्या ९ पुढे जावयाचं नाव होतं.

जावयाची ती ९ कामं हलकी होती असं नाही. ट्रेलरचा सगळा भार नीट वाटलेला नसला तर मोठ्या रस्त्यावर तो शेपटीसारखा हलायला लागतो आणि मोटारीलाही घेऊन उलटू शकतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार मोटारीशी जिथे जोड असतो तिथे पडायला हवा असा नियम आहे. तो हिशेब, टायरमधली हवा, ब्रेकच्या दिव्यांच्या तारा, साडेचारशे मैलांच्या आसपास गाडी हाकणं, आणि तळावर पोचल्यावर ती लांबलचक खोली उलटी घेत नेमक्या जागेत बसवणं, हे कौशल्याचं काम आहे. पण एक फरक माझ्या लक्षात आला. जावयाचं प्रत्येक काम दिसणारं होतं, त्याला सुरुवात आणि शेवट होता. ट्रेलर जागेत बसवला की आजूबाजूचे चार लोक अंगठा वर करून दाद देतात म्हणे. नातवाची महिनाभर घातलेली समजूत कुणाला दिसत नाही, आणि ती यशस्वी झाली तर अजिबातच दिसत नाही, कारण मग तो रडतच नाही.

एक गोष्ट जावयाच्या बाजूने, जाता जाता. त्या तिसऱ्या टाकीला नळी जोडून ती रिकामी करायची असते. हे काम जावई हातमोजे घालून स्वतः करतो, त्याबद्दल त्याला काही वाटत नाही. त्याच्या पुण्याच्या घरात तीन पिढ्यांत कुणी संडासाला हात लावलेला नाही, त्यासाठी बाहेरून माणूस येतो, आणि तो माणूस कुठल्या जातीचा असतो ते आपण जाणतो. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्याकडे १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा करावा लागला. सात समुद्र ओलांडले की ब्राह्मणाच्या मुलालाही हे जमतं, तर मग इथे काय आडवं येतं?

परत यादीकडे. वजनाचा मुद्दा आला तेव्हा एक गंमत झाली. एकूण वजन मर्यादेबाहेर जातंय असं जावयाने सांगितलं आणि काय कमी करायचं याची चर्चा थेट स्वयंपाकघरात शिरली. कुकर दोन कशाला, कढई लोखंडाची कशाला, मिक्सर हवाच का. मासे पकडायचे गळ, घडीच्या खुर्च्या आणि हत्यारांची पेटी कुणी तराजूत घातली नाही. १९५४ साली हॉलिवूडमध्ये ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ नावाचा विनोदी चित्रपट निघाला होता, ल्युसिल बॉल त्यात नायिका. नवविवाहित जोडपं ट्रेलर घेऊन निघतं. ती चालत्या ट्रेलरमध्ये स्वयंपाक करायला जाते आणि सगळं तिच्याच अंगावर येतं. वाटेत आठवण म्हणून ती दगड गोळा करते, नवरा वजनाच्या भीतीने ते टाकायला सांगतो आणि ती लपवून ठेवते. सत्तर वर्षं झाली त्या चित्रपटाला. प्रेक्षक तिच्या मूर्खपणाला हसतात. धावत्या खोलीत तिने जेवण तयार ठेवावं ही अपेक्षा मुळात आली कुठून, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही.

आता मला जो मुख्य मुद्दा वाटतो तो. ही सहल ‘स्वस्त पडते’ म्हणून निवडली होती. सहा माणसांना हॉटेलात निदान दोन खोल्या, शिवाय सकाळ-दुपार-संध्याकाळ बाहेरचं जेवण. पार्कमधलं खाणं महाग. त्या मानाने तळावरची एक जागा आणि घरचं जेवण पुष्कळच कमी खर्चाचं. जावयाने दोन्ही हिशेब कागदावर मांडून दाखवले, फरक चांगला घसघशीत होता. मी तो कागद पुन्हा पुन्हा पाहिला. बचत झाली होती ती कशातून? हॉटेलात जे काम पगारी माणसं करतात, म्हणजे अंथरूण घालणं, स्वयंपाक, भांडी, न्हाणी धुणं, ते सगळं उचलून ट्रेलरमध्ये आणलं होतं, आणि तिथे ते बिनपगारी झालं होतं. कागदावर त्याची किंमत शून्य होती. म्हणून सहल स्वस्त.

हॉटेलातल्या पगारी बाईचंही फार बरं चाललंय असं नाही, हेही इथेच नोंदवायला हवं. डिस्ने वर्ल्डच्या कामगार संघटनांना २०२३ साली तासाला किमान १८ डॉलर मिळवण्यासाठी दीर्घ वाटाघाटी कराव्या लागल्या. त्या परिसरात हमरस्त्यालगतच्या मोटेलांत आठवड्याच्या भाड्याने राहणारी कुटुंबं आहेत. ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ या २०१७ च्या चित्रपटात अशाच मोटेलात राहणारी एक आई आणि तिची लहान मुलगी आहे. स्वप्ननगरी हाकेच्या अंतरावर, आणि खोलीचं भाडं भरायची मारामार. म्हणजे एकीकडे कमी पगाराची बाई आणि दुसरीकडे बिनपगाराची बाई, या दोघींच्या जिवावर कुटुंबाच्या आनंदाचा धंदा उभा आहे.

“पण आई, मला हौस आहे गं.” हे मुलीचं वाक्य. मी वहीबद्दल विचारलं तेव्हा ती हे म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. तिला खरोखरच हौस आहे. मुलांचे चेहरे कसे फुलतील याच्या कल्पनेने ती सुखावत होती. मला अडचण हौसेची नाही. आपल्या भाषेत हा शब्द बाईच्या बाबतीत कसा वापरला जातो ते बघा. गणपतीला एकवीस भाज्या? तिला हौस. दिवाळीचा सगळा फराळ घरी? तिला हौस. नणंदेच्या डोहाळजेवणाला चाळीस पानं? तिची हौसच दांडगी. काम एकदा हौस म्हणून नोंदलं गेलं की ते श्रमाच्या खात्यातून निघून जातं. दमले म्हणायची सोय राहत नाही, कारण कुणी सांगितलं होतं करायला? आणि एक दिवस हौस संपली तरी काम संपत नाही, कारण तोवर घराला त्याची सवय झालेली असते.

माझ्या मुलीच्या घरात ही सवय कशी लागली त्यालाही इतिहास आहे, आणि तो परदेशी गेलेल्या आपल्या अनेक मुलींचा आहे. लग्नानंतर ती नवऱ्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या, म्हणजे एच-४ व्हिसावर गेली. इंजिनिअर असून तिला तिथे नोकरी करायची परवानगी नव्हती. मग ‘तू घरीच आहेस ना’ म्हणून घरातलं सगळं नियोजन तिच्याकडे आलं. २०१५ साली तिथल्या सरकारने या व्हिसावरच्या काही जणींना, ज्यांच्या नवऱ्याचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला होता त्यांना, कामाची मुभा दिली. तिला नोकरी मिळाली, आता ती पूर्ण वेळ काम करते. घरी असताना तिच्याकडे आलेलं काम मात्र परत गेलं नाही. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये ‘द सेकंड शिफ्ट’ हे पुस्तक लिहिलं, नोकरीनंतर घरी सुरू होणाऱ्या बाईच्या दुसऱ्या पाळीवर. आपल्याकडच्या शिबिरांत दुहेरी ओझ्याची चर्चा तेव्हाही चालूच होती, आपल्याला नवीन काही कळलं नाही. पण वहीतली ७४ कामं बघताना वाटलं, या दुसऱ्या पाळीतही एक वरिष्ठ जागा असते, मुकादमाची. ती जागा कुणी वाटून घेत नाही.

२०१९ साली ॲलिसन डॅमिंजर या संशोधक बाईंनी जोडप्यांच्या मुलाखती घेऊन या डोक्यातल्या कामाचे चार टप्पे वेगळे काढले. काय लागेल ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि ठरलेलं पार पडतंय का त्यावर लक्ष ठेवणं. त्यांना दिसलं की निर्णय बहुतेक घरांत दोघं मिळून घेतात. पहिलं आणि शेवटचं काम मात्र मुख्यतः बाईच करते. किती बरोबर आहे! “आम्ही सगळं मिळून ठरवतो” हे वाक्य माझ्या जावयाचंही होतं आणि तेही खोटं नव्हतं. फक्त, ठरवण्यासारखं काही आहे हे आधी एका व्यक्तीच्या लक्षात यावं लागतं.

आता आपल्या कार्यकर्तीच्या आक्षेपाकडे येते. माहेरी दोन दिवस जायला न मिळणारी बाई. का मिळत नाही तिला? नवरा नाही म्हणतो, सासू कुरकुरते, हे आहेच. पण परवानगी मिळाल्यावर काय होतं? आपण सगळ्यांनी गावागावांत शिबिरं घेतली आहेत. सकाळी १० ची वेळ दिलेली असते आणि बाया साडेअकराला येतात. नव्या कार्यकर्त्या वैतागतात, बायकांना वेळेचं महत्त्व नाही म्हणतात. जुन्या जाणत्या वैतागत नाहीत, कारण त्यांना माहीत असतं की ती बाई पहाटे ४ ला उठून दोन वेळच्या भाकऱ्या थापून, पाणी भरून, सरपण आत घेऊन, शेळी शेजारणीच्या दावणीला बांधून, धाकट्याला मोठीच्या ओट्यात घालून आलेली आहे. मोठीची त्या दिवशीची शाळा बुडालेली आहे. दीड दिवसाच्या शिबिराला येण्यासाठी तिने जे केलं ती तिची वही. ती लिहिलेली नसते एवढंच. आणि दुपारी ३ वाजता सगळ्या जणी चुळबुळायला लागतात तेव्हा चर्चा ऐन रंगात आलेली असली तरी त्यांच्या डोक्यात संध्याकाळचं पाणी असतं. पोट भरलेल्या घरातली बाई आणि हातावर पोट असलेल्या घरातली बाई यांच्यातली दरी मला पुसायची नाही, ती पुसली जाणारही नाही. पण घरापासून दूर जाण्याआधी घर चालतं ठेवून जायची अट दोघींनाही आहे. पुरुषाला ती कुठल्याच वर्गात नाही. तो पिशवी घेतो आणि निघतो.

सरकारी आकडे बोलायचे तर २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीनुसार घरातलं बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि असं काम करणारे पुरुष ९७. त्यातही असं काम करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण साधारण चारात एक. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची दहा मिनिटं कमी झाली म्हणून आनंद मानायला जावं तर पुरुषाचीही नऊ कमी झालेली. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाचं मोल धरलं पाहिजे असं सांगितलं, तेव्हा २०१९ च्या याच पाहणीचा आधार घेतला होता. पण मोल ठरवायला ती बाई अपघातात जावी लागली. आणि भाजी चिरताना डोक्यात चालणारा ‘उद्या काय, परवा काय’ हा हिशेब मिनिटांत पकडणं तर अवघडच.

ट्रेलरचं आणखी एक अंग आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जी खोली माझ्या मुलीला आठवड्याची हौस, ती अमेरिकेत अनेक म्हाताऱ्या बायकांचं एकमेव घर आहे. २०१७ मध्ये जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंचं ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक आलं, त्यावर पुढे चित्रपटही निघाला. २००८ च्या मंदीनंतर घरं गमावलेली, पेन्शन पुरत नसलेली साठी-सत्तरीची माणसं व्हॅनमध्ये आणि छोट्या ट्रेलरमध्ये राहतात आणि हंगामी कामांमागे देशभर फिरतात. पुस्तकातल्या लिंडा मे या साठी ओलांडलेल्या बाई कॅलिफोर्नियातल्या डोंगरात एका कॅम्पिंगच्या तळावर राखणदार होत्या. आलेल्या कुटुंबांचं स्वागत करायचं आणि संडास साफ करायचे. जन्मभर कमी पगाराच्या नोकऱ्या आणि मध्ये मुलांसाठी, आजाऱ्यांसाठी सोडलेली वर्षं, त्यामुळे बायकांची पेन्शन पुरुषांपेक्षा कमी भरते. तरुणपणी बिनहिशेबी केलेल्या कामाचं म्हातारपणी असं बिल येतं. या फिरस्त्यांना मिळणाऱ्या कामांत एक काम साखरेच्या बीटाच्या हंगामाचं आहे, हे वाचलं आणि मी थबकलेच. बीड जिल्ह्यातून संसार गाडीत घालून साखर कारखान्याच्या फडावर जाणाऱ्या आपल्या ऊसतोड बाया डोळ्यांपुढे आल्या. तिथे नवरा-बायकोच्या जोडीचा मिळून एक ‘कोयता’ धरतात, उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि खोपीपुढची चूल अंधारात बाईच पेटवते. त्यांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, त्यावर आपण पूर्वी सविस्तर लिहिलं आहे.

मुलीच्या घरी काय झालं ते थोडक्यात. जेवायच्या टेबलाचा जो बिछाना होतो त्यावर कोण झोपणार याची चर्चा चालली होती. त्या बिछान्यावर झोपणाऱ्याला सगळ्यांत शेवटी झोपावं लागतं आणि सगळ्यांत आधी उठावं लागतं, कारण तो मोडल्याशिवाय नाश्ता मांडता येत नाही. मुलगी म्हणाली, “मीच झोपते, नाहीतरी मला उठायचंच असतं.” तेव्हा नात वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, “मम्मा, मग तुझी सुट्टी कधी?” कुणी काही बोललं नाही. रात्री जावई म्हणाला, “तू मला सांगत जा ना, मी करीन.” मुलगी शांतपणे म्हणाली, “सांगणं हेच तर काम आहे.” मी मध्ये पडले नाही. सासूने जावयाला शिकवायला जाऊ नये, आणि तशी गरजही नव्हती.

त्यांनी मग ‘मदत’ हा शब्द बाजूला ठेवून कामं अख्खी वाटली. सात दिवसांचं खाणं संपूर्ण जावयाकडे. काय करायचं, काय आणायचं, किती वजनाचं, चतुर्थीला काय, कुठला डबा कधी संपणार, सगळं. मुलीने विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. पहिले पंधरा दिवस फार अवघड गेले. तो दर तासाला काहीतरी विचारायचा, तिची जीभ वळवळायची. विहीणबाई दुखावल्या. “माझा मुलगा दिवसभर ऑफिसात राबतो,” असं मला ऐकवलं. मुलगीही तेवढेच तास ऑफिसात असते, हे त्यांना ठाऊक नाही असं नाही. पण त्यांनी स्वतः चाळीस वर्षं एकटीने जे ओढलं ते वाटून घेता येण्यासारखं होतं हे मान्य करणं त्यांना जड जात असावं. त्यांचा मला राग आला नाही. त्याने परोठे गोठवलेले आणले, दोन रात्री तळावरच बाहेर जेवायचं ठरवलं, त्यामुळे कागदावरची बचत बरीच घटली. बचतीचा खरा आकडा तेव्हा कळला म्हणायचा. टेबलाच्या बिछान्याला पाळ्या लागल्या. सहलीत कुकरची रिंग घरी राहिली, हे मला फोनवर कळलं. डाळ पातेल्यात शिजली.

१९७५ च्या २४ ऑक्टोबरला आइसलंडमधल्या सुमारे ९० टक्के बायकांनी नोकरी, स्वयंपाक आणि मुलं सांभाळणं एक दिवस बंद ठेवलं. त्या संपाला त्यांनी नाव दिलं होतं ‘बायकांची सुट्टी’. आपल्याकडे असा दिवस पाळता येईल का, यावर पुण्यातल्या आणि कोल्हापुरातल्या गटांमध्ये मतभेद आहेत. हातावर पोट असलेल्या बाईने एक दिवस चूल पेटवली नाही तर मार कुणाला पडणार, हा कोल्हापूरच्या मैत्रिणींचा प्रश्न मला बिनतोड वाटतो. त्याआधी करता येण्यासारखं एक काम आहे, आणि त्यासाठी तुमची मदत हवी.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने निदान पाच याद्या पाठवाव्यात. तुमच्या गटातली बाई शेवटची कधी घराबाहेर मुक्कामाला गेली, शिबिराला, माहेरी, लग्नाला, वारीला, सहलीला, कशालाही, आणि त्याआधी तिने काय काय करून ठेवलं? काम बारीक वाटलं तरी गाळू नका. लिहिता येत नसेल तर दुसरीने तिच्या तोंडून लिहून घ्यावं आणि परत वाचून दाखवावं. वेळ आठवत असेल तर लिहावी. नाव छापायचं की नाही ते तिने ठरवावं. आल्यावर काय काय साचलेलं होतं तेही शेवटी लिहावं. घरातल्या पुरुषांनी जे केलं त्याचा वेगळा रकाना ठेवा, तिथे ‘मदत केली’ असं मोघम नको, काम काय केलं ते लिहा. याद्या जास्त आल्या आणि पानं कमी पडली तर पुढच्या वेळचं संपादकीय गाळू.